पोचून राहिला

मत्सराने माणूस खंगतो असं म्हणतात. रश्मी तायडेला पाहून कुणी तसं म्हटलं नसतं. भावना सिरसाट ऑफिसात आली आणि रश्मीला उलट बाळसंच आलं. ती वेळेच्या आधी येऊ लागली, इस्त्रीचे कपडे घालू लागली. दुपारच्या जेवणानंतर सगळं ऑफिस पेंगत असताना ही एकटी टक्क डोळ्यांनी समोरच्या टेबलाकडे पाहत बसायची. समोरच्या टेबलावर भावना असायची.

ऑफिस अमरावतीत राजापेठेच्या अंगाला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. मालक विपुलशेठ. धंदा एकच, 'सांगावा' नावाचं निरोपांचं अॅप. वरूडचे संत्रावाले, अकोल्याचे कापसाचे अडते आणि त्यांचे ट्रकवाले ते वापरायचे. 'आज भाव काय', 'गाडी कुठवर आली', 'माल थांबव' असले निरोप त्यावरून धावायचे. मोठ्या कंपन्यांची अॅपं फुकट मिळत असताना लोक हे कशाला घेत होते, तर बागेत, वावरात, जिथे रेंज येऊन-जाऊन असते तिथेही निरोप हरवू नये अशी यात सोय होती. ही सोय पाच वर्षांपूर्वी रश्मीने बसवली होती.

निरोप कुठल्या वाटेने न्यायचा, वाट बंद असली तर काय करायचं, पुन्हा कधी पाठवायचा, या सगळ्या नियमांना मिळून प्रोटोकॉल म्हणतात. रश्मीच्या प्रोटोकॉलचं ऑफिसातलं नाव 'दम धर'. त्यात निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसायचा आणि समोरचा फोन जागा होईपर्यंत तिथेच दम धरायचा. साधा, शांत, शहाणा नियम. रश्मी मॅडमसारखाच, असं विपुलशेठ म्हणायचे, आणि तेवढ्यावर रश्मी पाच वर्षं सुखात होती.

मग ही आली. अकोल्याच्या जुन्या शहरातली, मोर्णा नदीपलीकडची, पंचविशीतली पोरगी. मोठ्याने हसायची. "काय करून राहिल्या, ताई?" असं दारातूनच विचारायची. आणि बघता बघता तिने दुसरा प्रोटोकॉल उभा केला. त्याचं नाव 'उडी'. त्यात निरोप दमबिम काही धरत नाही. समोरचा फोन गप्प असला, तर आजूबाजूच्या ज्या फोनवर 'सांगावा' चालू असेल त्याच्यावर उडी मारतो, तिथून पुढच्यावर, आणि असा हातोहाती फिरत आपल्या माणसाला गाठतो.

"छान आहे कल्पना," रश्मी म्हणाली, आणि अर्धा चहा टेबलावर टाकून उठली. पोटात दुखत असताना चहा घेऊ नये, एवढं तिला कळत होतं.

इथवरही निभावलं असतं. पण अकोल्याच्या व्यापारी मंडळाने 'सांगावा' साऱ्या बाजारासाठी घ्यायचं मनावर घेतलं. दोन्हींतला कोणता प्रोटोकॉल बरा ते मोजून दाखवा, असं मंडळ म्हणालं. तिथे कंपनीचं नवं ऑफिस उघडायचं होतं, आणि ज्याचा प्रोटोकॉल लागेल तोच ते ऑफिस सांभाळेल, असं विपुलशेठ बोलून गेले. ते वाक्य रश्मीच्या काळजात जाऊन बसलं. तिचा नवरा अकोल्याला होता. स्वप्निल तिथल्या कृषी विद्यापीठात कीटकांच्या विभागात काम करायचा, आणि ही अमरावतीत निवृत्त वडिलांजवळ राहायची. लग्न झाल्यापासून त्यांचा संसार शनिवार-रविवारचा होता. दोन गावांत दोन कुकर, दोन दुधाची पातेली, आणि भांडायलासुद्धा शनिवारपर्यंत थांबावं लागायचं. वडील म्हणाले होते, तू जाशील तिथे येतो, माझं पुस्तकांचं कपाट तेवढं उचला. अकोल्याचं ऑफिस हे तिच्या लेखी ऑफिस नव्हतंच, ते घर होतं.

आता मोजायचं कसं, असा प्रश्न आला आणि भावनाने मुंग्या काढल्या.

"खऱ्या नाही जी," ती विपुलशेठना समजावून सांगत होती. "मुंगी म्हंजे एक बारकासा चाचणीचा निरोप. अशा हजारो सोडाच्या, अर्ध्या ताईच्या वाटेनं अन् अर्ध्या माह्या. निरोपाखाली 'पोचला' दिसलं की मुंगी मागं फिरते, अन् येता येता वाटेवर वास सोडते. जे वाट जवळची, तिथं मुंग्या घडी घडी येतात, वास ताजा राहते. लांबच्या वाटेवरचा वास उडून जाते. शेवटी कोन्या वाटेवर वास जास्त, तेवढं पाहाचं. मुंगी काही कोनाची नातलग नसते, शेट."

"हे तुले सुचलं कुठून वं?" विपुलशेठ खूश झाले होते.

"भाऊजींनी दाखवलं ना! स्वप्निल भाऊजींनी."

रश्मीचा माउसवरचा हात थांबला. दोन आठवड्यांपूर्वी भावना रजा टाकून घरी अकोल्याला निघाली, तेव्हा तिच्या हाती जवसाच्या चटणीचा डबा स्वप्निलसाठी रश्मीनेच दिला होता. ही बया डबा देऊन निघून आली नाही. विभागात बसून काचेच्या पेटीतल्या मुंग्या दोन तास बघत राहिली.

त्याच मुंग्या स्वप्निलने लग्नाच्या पहिल्या महिन्यात रश्मीलाही दाखवल्या होत्या, आणि ती म्हणाली होती, "चल ना, उशीर होतोय." नंतरही तो जेवताना मुंग्यांचं काढायचा, आणि ती विचारायची, भाजी वाढू का? आपण कधी न नेसलेली कपाटातली साडी दुसरीने नेसावी आणि ती तिला शोभून दिसावी, तसं तिला झालं. मुंग्या हव्या होत्या अशातला भाग नाही. पण त्या तिच्या घरच्या होत्या.

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन लावला.

"तू भावनाला दोन तास मुंग्या दाखवत होतास?"

"हाव. लय हुशार पोट्टी हाय ती. असे प्रश्न इचारते ना, आमचे एमएस्सीचे पोरं नाही इचारत."

"बरं."

"काहून, काय झालं?"

"काही नाही. चटणी कशी झाली होती?"

"कोनती चटणी?" स्वप्निल म्हणाला. मग घाईघाईने, "हां हां, ते. मस्त होती, मस्त."

त्या रात्री पुंजाजी मास्तरांना, म्हणजे रश्मीच्या वडिलांना, भाजीत मीठ दुप्पट मिळालं. त्यांनी भाजीवर दही ओतून घेतलं. शिक्षक माणूस, परीक्षेच्या दिवसांचा अंदाज त्यांना चांगला होता.

दुसऱ्या दिवशी रश्मी विपुलशेठकडे गेली. "शेठ, काटाही तिचाच आणि कापूसही तिचाच. हे कसं चालेल?"

"मंग तुमीच तपासा काटा," विपुलशेठ म्हणाले. "तुमच्याइतकं बारीक कोन पाहते?"

तिने तपासला. भावनाच्या प्रोग्रामची ओळ न् ओळ ती डोळ्यांत तेल घालून वाचून गेली. कुठे एक स्वल्पविराम चुकला असता तरी तिला सण झाला असता. चूक नव्हती. काम स्वच्छ होतं, आणि त्यात एका ठिकाणी तर इतकी सुंदर युक्ती होती की रश्मीला ती आपल्याला सुचली नाही म्हणून रडू आलं. राग आला असता तर बरं झालं असतं.

पण शोधणाऱ्याला काहीतरी सापडतंच. तिला भाषा सापडली.

'सांगावा'च्या पडद्यावर निरोपाखाली त्याची खबर दिसायची. ते शब्द भावनाने वऱ्हाडीत लिहिले होते. निरोप निघाला की 'जाऊन राहिला'. मधल्या ठिकाणी असला की 'पोचून राहिला', म्हणजे अजून वाटेत आहे, येतोच आहे. आणि समोरच्या फोनवर उतरला की 'पोचला'. अडत्यांना हे भारी आवडलं होतं. अॅप आपल्यासारखं बोलते, म्हणून ते एकमेकांना फोन दाखवत फिरायचे.

रश्मीच्या घरात 'मले-तुले'ला बंदी होती. पुंजाजी मास्तरांनी आयुष्यभर मराठी शिकवली होती. आपण तोंड उघडलं की हसायला लोक टपलेले असतात, त्यांना ती संधी द्यायची नाही, असं ते मुलीला सांगत आले होते, आणि त्यांच्या काळात ते खरंही होतं. मुलीने ते मनोभावे पाळलं. फक्त वडिलांनी जी ढाल म्हणून दिली होती, ती तिने त्या आठवड्यात काठी म्हणून वापरली.

"मंडळापुढे जाताना भाषा शुद्ध हवी," ती विपुलशेठना म्हणाली.

"करा जी, तुमाले जे करायचं ते," विपुलशेठ कचोरी खाता खाता म्हणाले.

तिने सगळे शब्द पुण्याच्या एका मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंकडे धाडले. ते तांबडे होऊन परत आले. भावनाच्या एकूण एक शब्दावर काट होती. रश्मीने ती पानं पाहिली आणि तिला जेवल्यासारखं वाटलं. काट मारून बाईंनी तिथे काय लिहिलंय, ते मात्र तिने धड वाचलं नाही. तिला काट बघायची होती, ती पाहून झाली होती. संध्याकाळच्या आत नवे शब्द अॅपमध्ये गेले.

"ताई, माह्या शब्दात वाईट काय होतं?" भावनाने विचारलं.

"वाईट नाही गं. अशुद्ध होतं."

भावना हसली नाही. "तुमी टाकले ना, मंग बरोबरच असतीन," एवढंच म्हणाली आणि तिने ते उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. रश्मीच्या कामावर पुन्हा नजर टाकायची ऑफिसात पद्धत नव्हती. त्या दिवशी रश्मीला दोन पोळ्या जास्त गेल्या.

मग मुंग्या सुटल्या. वरूडच्या बागांमधून, अकोल्याच्या बाजारातून, मधल्या सगळ्या गावांमधून त्या धावून आल्या, आणि वेळेत परतलेल्या मोजून आकडे लागले. 'उडी'चे शंभरातले सत्त्याण्णव निरोप वेळेत पोचले होते. 'दम धर'चे चौऱ्याण्णव.

ऑफिसात पेढे आले. दोन्ही आकडे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. विपुलशेठ म्हणाले, "दोन-तीनचा फरक म्हंजे काही फरक नाही, मॅडम. अनुभवाले पन वजन असते." हे वाक्य रश्मीच्या कानावरून गेलं. तिला भिंतीवरच्या पडद्यावर फक्त सत्त्याण्णव दिसत होतं.

खाली जिन्यात भावनाने तिला गाठलं. "ताई, अकोला तुमीच घ्या. मले तिथं राहाचंच नाही. आई रोज एक स्थळ आणून उभं करते. मले पुण्याले जाऊन पुढं शिकाचं आहे. तसं मी शेटले सांगतलं पन."

यात न समजण्यासारखं काय होतं? पोरगी सरळ बोलत होती, डोळ्यांत डोळे घालून बोलत होती. पण मत्सराचे कान वेगळे असतात. त्यांना ऐकू आलं ते असं, की जिंकलेली माणसं आता वाटप करायला निघाली आहेत. नवरा, मुंग्या, सत्त्याण्णव, सगळं हिचं. आणि वर उरलंसुरलं अकोला ही मला ओंजळीत घालणार. घर हवं होतं रश्मीला, पण भावनाने सोडून दिलेलं नको होतं.

"बघू," ती म्हणाली.

सोमवारी मंडळापुढे आकडे मांडायचे होते. रश्मी शनिवारीच अकोल्याला निघाली. बडनेऱ्याला गाडीत बसल्याबरोबर तिने 'सांगावा'वरून स्वप्निलला कळवलं, 'निघाले. घ्यायला ये.' लगेच खाली उमटलं, 'पोचला'.

अकोल्याच्या स्टेशनावर स्वप्निल नव्हता. फोन लागेना. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक स्कूटरकडे बघत ती उभी राहिली, आणि मग तणतणत ऑटो करून क्वार्टरवर गेली. निरोप पोचलाय, म्हणजे याने पाहिलाय. पाहून आला नाही. आता आपल्यासाठी स्टेशनवर यायलासुद्धा वेळ नाही. भावना आली असती तर गेला असता. एवढा सगळा हिशोब तिने ऑटोतच उरकला.

स्वप्निल दिवेलागणीला आला, पायांना माती लागलेली. "अरे! तू केव्हा आली? मी वावरात सापळे लावत होतो. फोन तं सकाळपासून मेलेला हाय."

त्याने तिच्यासमोर फोन चार्जिंगला लावला. थोड्या वेळाने पडदा उजळला, आणि 'टुंग' असा आवाज होऊन तिचा दुपारचा निरोप आत्ता, या घडीला, त्यात उतरला.

रश्मीने आपला फोन पाहिला. तिथे दुपारपासून 'पोचला' लिहिलेलं होतं. ज्या फोनमध्ये जीवच नव्हता, त्यात निरोप दुपारीच पोचला होता.

ती मागच्या अंगणात गेली आणि तिने पुण्याच्या बाईंना फोन लावला. "'पोचून राहिला'चं तुम्ही काय केलंत?"

"'पोचला' केलं," बाई म्हणाल्या. "अहो, पोचून राहिला म्हणजे पोचला आणि तिथेच राहिला, बरोबर ना? मग 'राहिला' कशाला हवंय? द्विरुक्ती होते. का, काही चुकलं का?"

"नाही," रश्मी म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही."

तिला हसावं की नाचावं कळेना. वाटेतला निरोप आणि दारात आलेला निरोप, दोन्हींच्या खाली 'पोचला' लिहिलं जात होतं. भावनाच्या मुंग्या बिचाऱ्या 'पोचला' दिसलं की मागे फिरायच्या. त्या अर्ध्या वाटेवरूनच मागे फिरत होत्या, आणि काम फत्ते झाल्यासारखा वास सोडत घरी येत होत्या. म्हणजे सत्त्याण्णव खोटं होतं! पेढे खोटे होते!

त्या संध्याकाळी तिने स्वप्निलला इतक्या मायेने जेवायला वाढलं की तो जरा घाबरला. मुंग्यांचा विषयही तिनेच काढला. पण खरं काय ते सांगितलं नाही. त्याने लगेच भावनाला फोन केला असता, आणि भावनाने रविवारात सगळं दुरुस्त करून टाकलं असतं. हे फळ रश्मीला भर सभेत तोडायचं होतं.

रविवारी स्वप्निलने तिला मागची खोली दाखवली. आपली खोकी हलवून त्याने ती झाडूनपुसून ठेवली होती, भिंतीला चुना दिला होता. "तुह्या बाबांचं कपाट ह्या भिंतीले लागते. मोजून पाहिलं मी. मले तं वाटते, अकोला तुलेच भेटते."

"भेटेल," रश्मी म्हणाली. "उद्या बघच तू."

तुमच्या-माझ्यासारखं माणूस असतं तर हे सांगताना आपलंही नाव निघेल या भीतीने गप्प बसलं असतं. शब्द बदलायचं खूळ कुणाचं होतं? पण रश्मी मराठीच्या मास्तरांची मुलगी. 'भाषेची दुरुस्ती करताना चूक झाली' असं वाक्य तिने तयार केलं होतं. कुणी केली ते त्यात नव्हतं. कर्ता गाळायची सोय व्याकरणात अशा वेळेसाठीच तर असते.

सोमवारी मंडळाचा हॉल भरला होता. समोर अध्यक्ष खुशालराव, कापसाच्या अडतीत पांढरे झालेले, खणखणीत आवाजाचे. मागच्या रांगेत स्वप्निल अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. विपुलशेठनी पडद्यावर दोन्ही आकडे लावले, कोणता कुणाचा ते सांगितलं, घसा साफ केला.

"तं मंडळी, दोन्ही मार्ग एकदम मस्त हायेत. फरक काही नाही. म्हणून आमी ऑफिसात बसून असं ठरवलं हाय का—"

"एक मिनिट, शेठ," रश्मी उभी राहिली.

तिने सांगितलं. स्टेशन, बंद फोन, 'पोचून राहिला', सगळं शांतपणे, मुद्देसूद, शुद्ध मराठीत सांगितलं. सांगताना ती भावनाकडे बघत नव्हती. पण भावनाचा रंग उतरताना तिला डोळ्यांच्या कडेने दिसत होता, आणि खोटं कशाला बोला, तिला आत गुदगुल्या होत होत्या.

"म्हंजे," खुशालराव म्हणाले, "निरोप पोचून राहिला, अन् आपन त्याले पोचला म्हणून राहिलो?"

हॉल खदखदून हसला.

"मंग खरं काय ते मोजा आता. बसलो आहोच आमी. चहा सांगा रे."

भावना संगणकासमोर बसली. मुंग्यांची सगळी धाव साठवलेली होतीच. दाराशी गेलेली मुंगी कोणती आणि वाटेतून परतलेली कोणती, एवढंच नव्याने सांगायचं होतं. रुमालाने तोंड पुसून तिने टंकायला घेतलं. रश्मीने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. अशा वेळी माणूस फार उदार होतो.

पडद्यावर 'उडी'चा आकडा हलला. सत्त्याण्णवचे अठ्ठ्याऐंशी झाले.

पडली! रश्मीने मनात टाळी वाजवली. नऊने पडली! तिने मागे वळून स्वप्निलकडे पाहिलंसुद्धा. म्हणून दुसरा आकडा बदलताना तिने पाहिलाच नाही. हॉलमध्ये कुजबुज का सुरू झाली ते बघायला ती पुन्हा वळली, तेव्हा पडद्यावर 'दम धर'समोर बावन्न लिहिलेलं होतं.

आधी तिला वाटलं, पडदा चुकला. मग वाटलं, भावनाने काही केलं. मग तिला सगळं एकदम कळलं. समोरचा फोन गप्प असला की 'दम धर'मध्ये प्रत्येक निरोप मधल्या सर्व्हरवरच बसून राहतो. प्रत्येक. हा नियम तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता. अर्ध्या वाटेवरून मागे फिरलेल्या मुंग्यांमध्ये सगळ्यात जास्त मुंग्या तिच्याच होत्या. त्या चुकीने भावनाला जेवढं दिलं होतं, त्याच्या कितीतरी पट रश्मीला दिलं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं म्हणतात; हिने तर आपलं झाकलेलं आहे हेही विसरून भर बाजारात पदर ओढला होता. एका काट्यावर दोन ढीग मोजलेले, आणि शनिवारपासून एकदाही, एकदासुद्धा, आपल्या चौऱ्याण्णवाचं काय होईल असा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

खुशालराव उठून उभे राहिले.

"या बाजारात माही उमर गेली," ते म्हणाले. "काट्यात खोट असली अन् ते आपल्या फायद्याची असली, तं कोनी तोंड उघडत नाही. मी नाही उघडलं कधी, तुमीबी नाही उघडलं. ह्या बाईनं उघडलं. तिले काय समजत नव्हतं, का सगळ्यात जास्त नुसकान आपलंच हाय? तरी उभी राह्यली. वाजवा रे टाळ्या!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. त्या आवाजात विपुलशेठ तिच्या कानाशी वाकले. त्यांचा चेहरा रडवेला होता.

"काहून बोलल्या, मॅडम? तुमचंच तं नाव सांगून राहिलो होतो मी. दोन-तीनचा फरक, चालून गेलं असतं. भावनानं कवाचंच नाही म्हणलं होतं. आता बावन्नवर मी या लोकायले काय सांगू? ते 'उडी' मागतीन, अन् उडीसंगं तिलेच इथं बसा लागन."

भावना उठून आली होती. पुण्याचं शिक्षण तिच्या हातून गेलं होतं, ते तिला कळलं होतं की नाही कुणास ठाऊक. तिने सगळ्यांदेखत रश्मीला मिठी मारली. ती रडत होती. "ताई, तुमच्याएवढं मन माह्यापाशी नाही वं. मी असती तं चूप बसली असती."

रश्मीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. भावनाच्या खांद्यावरून तिला मागची रांग दिसत होती. स्वप्निल उभा राहून टाळ्या वाजवत होता, सगळ्यांपेक्षा जोरात, आणि बाहीने डोळे पुसत होता. तिने स्वयंपाक केल्यावर, ती पास झाल्यावर, तिला बढती मिळाल्यावर, कधीही त्याने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. शेजारच्या माणसाला तो ओरडून सांगत होता, माही बायको हाय ते.

टाळ्या थांबत नव्हत्या. ज्या बाईसाठी त्या वाजत होत्या ती मनाने मोठी होती, खरी होती, आणि स्वप्निलची लाडकी होती. रश्मीला तिचा असा हेवा वाटला, की तेवढा भावनाचासुद्धा कधी वाटला नव्हता.